मोहरीएवढं मेण आणि रेशमाचा एक तंतू: शेन कुओच्या पद्धतीने घरी होकायंत्र कसं बनवायचं

जुन्या चीनमधले शोध म्हटलं की कागद, छपाई, बंदुकीची दारू आणि होकायंत्र ही चार नावं पाठ असतात सगळ्यांना, पण पाठ असणं वेगळं आणि हातात घेऊन बघणं वेगळं. यातलं होकायंत्र असं आहे की सुमारे हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या कृतीने ते आजही एका दुपारी घरात तयार होतं, आणि तयार होताना कळतं की त्या माणसांनी किती बारीक बघितलं होतं. म्हणून ही कृती सविस्तर लिहितोय. चिनी भाषेत मार्गदर्शिकेला, म्हणजे अशा लेखाला, जो शब्द आहे तो 'झीनान', आणि त्याचा सरळ अर्थ 'दक्षिण दाखवणारा'. होकायंत्राच्या सुईला ते 'झीनानझेन' म्हणतात, दक्षिण दाखवणारी सुई. आपण सुई उत्तर दाखवते म्हणतो, ते दक्षिण म्हणतात. सुई तीच, फक्त कुठलं टोक महत्त्वाचं मानायचं एवढाच फरक. चीनमध्ये सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसायचा, दक्षिण ही मानाची दिशा.

आपण ज्याच्या मागे जायचं तो माणूस शेन कुओ. जन्म 1031, मृत्यू 1095, सोंग राजवटीतला मोठा अधिकारी, काही काळ खगोल खात्याचा प्रमुख. उतारवयात झेनजियांगजवळच्या आपल्या बागेत राहायला गेला आणि तिथे 1088 च्या सुमारास त्याने 'मंगशी बीतान' हा ग्रंथ लिहिला. बी शेंग नावाच्या माणसाने मातीचे सुटे खिळे करून छपाई केली ती हकीकतसुद्धा आपल्याला याच ग्रंथातून कळते. त्यात सुईवर एक छोटा उतारा आहे, अगदी मोजक्या ओळींचा, पण त्यात इतकं भरलंय की त्याचं एकेक वाक्य म्हणजे एकेक प्रयोग आहे. तो म्हणतो की विद्या जाणणारे लोक सुईचं टोक चुंबक दगडावर घासतात मग ती दक्षिण दाखवते, पण नेहमी जराशी पूर्वेकडे कललेली असते, बरोबर दक्षिणेला नाही. मग चार पद्धती सांगतो: पाण्यावर तरंगवणे, नखावर ठेवणे, वाडग्याच्या काठावर ठेवणे, धाग्याला टांगणे. चौथी सगळ्यात चांगली म्हणतो. आपण चारही करायच्या, कारण चौथी चांगली का ते पहिल्या तीन केल्याशिवाय समजत नाही.

आधी सामान. शिवणकामाच्या दोन-तीन सुया, मध्यम लांबीच्या, फार जाड नकोत. सुई चुंबकाला चिकटते का बघून घ्या, काही प्रकारच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक धरतच नाही. एक चुंबक, पट्टीचा मिळाला तर उत्तम, जुन्या स्पीकरमधला गोल पण चालतो. खरा चुंबक दगड म्हणजे मॅग्नेटाइट ऑनलाइन मिळतो, तो मिळवलात तर मजा वेगळीच, पण तो कमजोर असतो, जास्त घासावं लागतं. (या दगडाला जुन्या चिनी ग्रंथांत जे नाव आहे त्यात माया, आईची माया असा अर्थ आहे, लोखंडाला जवळ बोलावणारा मायाळू दगड. आपल्याकडे चुंबक हा शब्द चुंबनावरून आला. दोन्हीकडच्या लोकांना त्या ओढीत प्रेमच दिसलं, हे मला फार आवडतं.) शिवाय चिनी मातीचा किंवा काचेचा वाडगा, स्टीलचा नको. बाटलीचं बूच, थोडं मेण, काचेची मोठी रुंद तोंडाची बरणी, लाकडाची काडी, आणि रेशमाचा तंतू, त्याबद्दल पुढे सांगतो. घरात लहान मुलं असतील तर ते छोटे पॉवरफुल मॅग्नेट अजिबात वापरू नका, गिळले गेले तर पोटात गंभीर इजा होते.

सुई घासायची ती एकाच दिशेने. इकडून तिकडे आणि परत असं खरवडायचं नाही, ही चूक सगळ्यात जास्त होते. चुंबकाचं एक टोक सुईच्या नाकावर (नेढं असतं ती बाजू) टेकवायचं, तिथून सरळ अणीपर्यंत ओढत न्यायचं, अणीवरून उचलायचं, चांगलं वीतभर वर, आणि हवेतून परत नाकाशी आणून पुन्हा तसंच. चाळीस-पन्नास वेळा. दगड वापरत असाल तर शंभर-दोनशे वेळा करा, कंटाळा करू नका. आत काय होतं तर पोलादात अगदी छोटे छोटे चुंबकीय भाग असतात, त्यांची तोंडं चारी दिशांना असतात म्हणून एकूण परिणाम शून्य, चुंबक एका दिशेने फिरत राहिला की बरेचसे भाग एका बाजूला तोंड करतात, आणि पोलाद कडक असल्यामुळे ते तसेच राहतात. मऊ लोखंडाची तार घेतली तर ती लवकर विसरते. सुई पोलादाची असते म्हणूनच हे जमलं.

आता एक गोष्ट जी शेन कुओला कोड्यासारखी वाटली होती. त्याने लिहिलंय की काही सुया घासल्यावर उत्तर दाखवतात आणि माझ्या घरी दोन्ही प्रकारच्या आहेत. म्हणजे एकाची अणी दक्षिणेला, दुसरीची उत्तरेला. हे आपण मुद्दाम करून बघू शकतो. चुंबकाच्या उत्तर टोकाने नाकाकडून अणीकडे घासलं तर अणी दक्षिण दाखवेल, दक्षिण टोकाने घासलं तर अणी उत्तर दाखवेल, कारण घासणं जिथे संपतं तिथे उलटा ध्रुव तयार होतो. दगडावर एन आणि एस छापलेलं नसतं, ज्याच्या हाताला जी बाजू आली त्याने ती घासली, म्हणून दोन प्रकारच्या सुया. त्याने ही विसंगती लपवली नाही, घरात आहेत म्हणून सरळ लिहून टाकलं, यामुळे मला तो माणूस फार जवळचा वाटतो. तर दोन सुया दोन्ही प्रकारे घासा आणि एकीच्या नाकात रंगीत धागा घालून ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

चुंबक, मोबाईल (त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो), कात्री, लोखंडी पायांचं टेबल हे सगळं लांब, निदान दीड-दोन मीटर. पहिल्यांदा माझी सुई दर वेळी वेगळीच दिशा दाखवत होती आणि मी सुईलाच नावं ठेवत होतो, नंतर लक्षात आलं की टेबलाखाली लोखंडी फ्रेम होती. स्लॅबमध्ये पण सळ्या असतात, त्यामुळे फरशीवर ठेवून बघू नका, लाकडी स्टुलावर ठेवा, आणि शक्य असेल तर मोकळ्या मातीवर जा.

पद्धत पहिली, पाणी. बुचाची पातळ चकती कापा, सुई त्यातून आरपार घाला, वाडग्यातल्या पाण्यावर सोडा. सोंग काळात 1116 साली को झोंगशी नावाच्या वैद्याने औषधांच्या ग्रंथात हेच लिहिलंय, फक्त बुचाऐवजी दिव्याच्या वातीसाठी वापरतात तो बोरूसारख्या गवताचा हलका गाभा. सुई वळेल आणि थांबेल, पण थांबता थांबता वाडग्याच्या काठाला जाऊन चिकटेल आणि मग अडकेल. हे चुंबकामुळे नाही, पाणी काठाशी थोडं वर चढलेलं असतं आणि ओलं बूच त्या चढाकडे ओढलं जातं. उपाय सोपा आहे: वाडगा काठोकाठ भरा, अगदी पाणी काठाच्या वर फुगून दिसेपर्यंत, मग बूच आपोआप मध्यावर राहतं. शेन कुओची तक्रार वेगळी होती, पाण्यावर सुई फार हेलकावते. खरंय, जरा कोणी चाललं की पाणी हलतं आणि सुई पण.

दुसरी आणि तिसरी पद्धत पटकन उरकू. अंगठ्याच्या नखावर सुई आडवी, मधोमध तोलून ठेवायची, नाहीतर वाडग्याच्या गुळगुळीत काठावर. दोन्हीत सुई फिरते ती अगदी चटकन, कारण टेकलेली जागा एवढीशी असते, पण तितक्याच चटकन घसरून पडते. शेन कुओने पण हेच लिहिलंय, फिरते जोरात पण जागा कडक आणि गुळगुळीत म्हणून पडते. हे वाचायला साधं वाटतं, पण स्वतः पाच-सहा वेळा सुई पडू द्या म्हणजे कळेल की हे वाक्य ऐकीव नाही, हे करून बघितलेल्या माणसाचं वाक्य आहे. अशीच एका बिंदूवर टेकलेली, पण न पडणारी सुई चिनी कारागिरांनी पुढे केलीच. 1985 मध्ये जियांगशी प्रांतात लिनच्वान इथे 1198 सालच्या एका थडग्यात मातीची मूर्ती सापडली, तिच्या हातात दिशांची तबकडी आहे आणि त्यावर मध्ये भोक असलेली टोकदार सुई, म्हणजे पाणी न वापरता टेकून फिरणारी.

आता चौथी, जिच्यासाठी हे सगळं. शेन कुओ सांगतो: नव्या रेशमातला एकाच कोशाचा तंतू घ्या, मोहरीच्या दाण्याएवढं मेण घेऊन तो सुईच्या कमरेला चिकटवा आणि वारा नसेल तिथे टांगा. प्रत्येक शब्दाला कारण आहे बघा. एकाच कोशाचा तंतू का, तर सुताचा धागा म्हणजे पीळ घातलेले अनेक तंतू, तो टांगला की पीळ उलगडायला लागतो आणि सुई पिळाच्या मनाप्रमाणे गोल गोल फिरत बसते. कोशातला रेशीमतंतू मुळात सलग आणि बिनपिळाचा, सुईला वळवायला त्याच्यात जोरच नाही. आणि मेण का, तर गाठ मारली की ती कमरेवर सरकते, शिवाय गाठ म्हणजे जाडी आणि अढी. मोहरीएवढंच का, तर जास्त मेण लावलं की सुई एका बाजूला झुकते. नवं रेशीम का, तर जुना तंतू ठिसूळ होतो असा माझा अंदाज, हे त्याने सांगितलेलं नाही.

कच्चं रेशीम मिळालं तर छानच. नाही मिळालं तर रेशमी कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काढा, नखांनी पीळ उलगडा आणि त्यातला एकच तंतू वेगळा करा. फार बारीक असतो, काळ्या कागदावर ठेवून काम करा म्हणजे दिसतो. वीतभर पुरे. एक टोक लाकडी काडीच्या मध्यावर मेणाने चिकटवा, दुसऱ्या टोकाला मेणाची ती मोहरी बोटांनी मऊ करून लावा आणि सुईच्या मधोमध हलकेच दाबा. काडी बरणीच्या तोंडावर आडवी ठेवा, सुई बरणीच्या आत लटकेल आणि काच वारा अडवेल. ही बरणीची युक्ती त्याने लिहिलेली नाही, पण पंख्याखाली राहणाऱ्यांना लागते.

सुई आडवी राहत नसेल तर मेण किंचित सरकवा. इथे एक गंमत आहे, घासायच्या आधी टांगून अगदी समतोल केलेली सुई घासल्यावर पुन्हा टांगली की तिचं उत्तरेकडचं टोक जरा खाली झुकतं (पृथ्वीच्या उत्तर अर्ध्या भागात राहत असाल तर). वजन वाढलं नाही, पृथ्वीची चुंबकीय ओढ तिथे नुसती उत्तरेकडे नसून तिरकी जमिनीत जाते. विषुववृत्ताजवळ हे फार जाणवत नाही, वर चीनमध्ये चांगलं जाणवतं. मग सुई शांत व्हायला पाच-दहा मिनिटं द्या. ती इकडे तिकडे झुलते, झोका लहान होत जातो आणि शेवटी थांबते. बोटाने ढकला, परत तिथेच येईल. पुन्हा ढकला, पुन्हा तिथेच. पाण्यावरच्या सुईपेक्षा ही किती पक्की जागा धरते ते डोळ्यांना दिसतं.

पण मग जहाजावर काय वापरत होते? तर पाणीच. 1119 च्या झू यूच्या ग्रंथात आहे की खलाशी रात्री तारे बघतात, दिवसा सूर्य बघतात आणि ढगाळ असेल तेव्हा दक्षिण दाखवणारी सुई बघतात. 1123 मध्ये शू जिंग चीनमधून कोरियाला गेला तेव्हा अंधारून आलं की तरंगती सुई वापरली असं त्याने लिहिलंय. डोलणाऱ्या जहाजावर टांगलेली सुई घड्याळाच्या लंबकासारखी झुलत राहणार, पाणी मात्र जहाज कललं तरी स्वतः सपाट राहतं. बरणी हातात धरून खोलीभर चाला आणि मग वाडगा धरून चाला, फरक लगेच कळतो.

आता त्या उताऱ्यातलं माझ्या मते सगळ्यात मोठं वाक्य, 'जराशी पूर्वेकडे'. हे तपासायचं तर खरी दक्षिण आधी माहीत पाहिजे, सुई न वापरता. त्यासाठी चीनमध्ये त्याहून खूप जुनी पद्धत होती, खांबाच्या सावलीची. उघड्या सपाट जागी एक काठी अगदी उभी रोवा, ओळंबा लावून बघा. सकाळी नऊ-साडेनऊला सावलीच्या टोकावर खूण करा, आणि काठीच्या बुडापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर त्रिज्या धरून दोरीने वर्तुळ काढा. दुपारपर्यंत सावली आखडेल, मग पुन्हा लांबेल आणि दुपारी कधीतरी तिचं टोक वर्तुळाला परत शिवेल, तिथे दुसरी खूण. दोन खुणांना जोडणारी रेघ ही पूर्व-पश्चिम, आणि तिच्या मध्यापासून काठीच्या बुडाला जोडणारी रेघ ही खरी उत्तर-दक्षिण. 21 जून किंवा 21 डिसेंबरच्या आसपास हे सगळ्यात अचूक येतं, कारण तेव्हा सूर्याची जागा दिवसभरात जवळजवळ बदलत नाही.

मग एका गोल कार्डावर व्यासाची रेघ आणि अंश आखा, बरणीच्या तळाशी ठेवा आणि कार्डाची रेघ जमिनीवरच्या खऱ्या रेघेशी जुळवा. काठी जर लोखंडाची असेल तर ती आधी काढून टाका. सुई शांत झाली की वरून एक डोळा मिटून बघा. सुई आणि रेघ यांच्यात कोन दिसेल, कुठे एखादा अंश, कुठे दहा. काही जागी कोन इतका लहान असतो की घरच्या साधनाने दिसणार नाही, त्यात तुमची चूक नाही. बीजिंगमध्ये आज सुईचं उत्तरेचं टोक खऱ्या उत्तरेपासून साधारण 7 अंश पश्चिमेला असतं, म्हणजे दक्षिणेचं टोक पूर्वेकडे, शेन कुओने सांगितलं तसंच. कारण पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव आणि फिरण्याचा ध्रुव एका जागी नाहीत, आणि आतल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीने हा कोन वर्षानुवर्षं बदलत जातो. शेन कुओला हे दिसलं याचं कारण तो खगोलवाला होता. त्याने ध्रुवताऱ्याच्या जागेचं तीन महिने निरीक्षण करून दोनशेवर आकृत्या काढल्या आणि तारा खऱ्या ध्रुवापासून तीन अंशांहून जास्त लांब आहे असं ठरवलं होतं. खरी दिशा इतकी काटेकोर माहीत असलेल्या माणसालाच सुई चुकतेय हे कळणार.

जुन्या पद्धतीचं कार्ड हवं असेल तर वर्तुळाचे 360 ऐवजी 24 भाग करा, प्रत्येक 15 अंशांचा. चिनी होकायंत्रावर अशाच 24 दिशा असतात. उत्तरेला 'झी', पूर्वेला 'माओ', दक्षिणेला 'वू', पश्चिमेला 'योऊ'. दक्षिणेच्या लगेच पूर्वेकडचं घर 'बिंग', आणि तो को झोंगशी वैद्य म्हणतो की सुई बिंगकडे झुकते. नकाशावरच्या उत्तर-दक्षिण रेखांशाला चिनीत अजून 'झी-वू रेषा' म्हणतात.

सुई, दगड काहीच न घासता होकायंत्र करायची एक कृती पण आहे, मोठ्यांनीच करायची. 1044 च्या 'वूजिंग झोंगयाओ' या लष्करी ग्रंथात ती आहे. ढगाळ दिवशी किंवा काळोख्या रात्री सैन्याला दिशा कळेना तर म्हातारा घोडा पुढे सोडा, त्याला वाट माहीत असते, नाहीतर दक्षिण दाखवणारा रथ किंवा मासा काढा असं लिहिलंय. (तो रथ दातेरी चाकांवर चालायचा, त्यात चुंबक नव्हता.) मासा म्हणजे पातळ लोखंडी पत्र्याचा, दोन त्सुन लांब आणि अर्धा त्सुन रुंद, आपल्या मापात साधारण 6 सेंटिमीटर आणि दीड सेंटिमीटर, दोन्ही टोकं निमुळती. साधा पत्रा घ्या, जस्ताचा मुलामा किंवा रंग असलेला अजिबात तापवू नका, त्याचा धूर विषारी असतो. कडा किंचित वर वळवा म्हणजे होडीसारखा तरंगेल. पकडीने डोकं धरून लालबुंद होईपर्यंत तापवा, शेपटी उत्तरेकडे करून ती थोडी खाली तिरकी धरा आणि शेपटीचं टोक पाण्यात बुडवून तसंच धरून ठेवा. हातमोजे घाला, पाण्याची वाफ उडते. 770 अंश सेल्सिअसच्या वर लोखंड आपलं चुंबकत्व विसरतं, आणि थंड होताना आसपास जे चुंबकीय क्षेत्र असेल त्याच्या दिशेने थोडं नव्याने धरतं, इथे ते क्षेत्र पृथ्वीचं. परिणाम फार कमजोर असतो. मासा वाडग्यात सोडल्यावर संथपणे वळतो, वारा आला तर वळतच नाही, पण डोकं दक्षिणेकडे येताना बघितलं की अंगावर काटा येतो, कारण त्याला कुठल्याच चुंबकाने शिवलेलं नसतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, ऑनलाइन शोधलं तर पितळी चौकोनी पाटावर चमचा ठेवलेला फोटो सगळीकडे दिसतो, हान काळातलं होकायंत्र म्हणून. पहिल्या शतकात वांग चोंग या चिनी विचारवंताने 'सीनान' च्या पळीचा उल्लेख केला होता, त्यावरून विसाव्या शतकात वांग झेनदुओने ते मॉडेल बनवलं. मूळ वस्तू सापडलेली नाही आणि ती चुंबकाचीच होती का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यामुळे चमच्यापासून सुरुवात करू नका, सुईची कृती लेखी आहे आणि ती चालते.

प्रयोग झाल्यावर सुया चुंबकापासून लांब, लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या डबीत ठेवा आणि आपटू नका, आपटलं की जोर कमी होतो, मग परत घासा. माशाचं पण तसंच, ग्रंथात तो बंद डबीत ठेवायला सांगितलाय. आणि कोन मोजलात तर कार्डाच्या मागे तारीख, जागा आणि अंश लिहून ठेवा, दहा वर्षांनी त्याच जागी पुन्हा टांगलीत तर आकडा बदललेला असू शकतो.